जुने रेगे गायक आणि जमैकन तबकड्या: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

'जुनं रेगे' म्हणजे नेमका कोणता काळ?

संग्राहकांच्या बोलण्यात हा काळ साधारण १९६६ ते १९८५ असा असतो. जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे स्का जोरात होता: वेगवान आणि ब्रास वाद्यांनी भरलेला. १९६६च्या सुमाराला वेग उतरला, ब्रास मागे गेलं, बास पुढे आला, आणि गायकाला ओळ लांबवायला जागा मिळाली. हा रॉकस्टेडी. तो जेमतेम दोन वर्षं टिकला, पण जमैकाचे उत्तम गायक याच दोन वर्षांत घडले. 'रेगे' हा शब्द गाण्याच्या नावात आला तो १९६८ साली, टूट्स अँड द मेटल्सच्या 'डू द रेगे'मध्ये. शेवटची रेघ १९८५ला ओढतात, कारण त्या वर्षी कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डच्या तयार ठेक्यावर 'स्लेंग टेंग' निघालं आणि किंग्स्टनमधल्या स्टुडिओंत वादकांची गरजच कमी झाली. त्यापुढचं वाईट आहे असं नाही, मात्र तो वेगळा छंद आहे.

बॉब मार्ली ऐकून झाला. आता गायकीसाठी कुणाला ऐकावं?

अॅल्टन एलिसपासून सुरुवात करा. ट्रेझर आइल या किंग्स्टनच्या लेबलवरची त्याची रॉकस्टेडी सिंगल्स लावा आणि ओळीच्या शेवटाकडे लक्ष द्या. शब्द संपल्यावर आवाज किंचित फाटतो, आणि तो फाटू देणं हे त्याचं कसब आहे. ज्याला रियाजी, घोटीव आवाजच आवडतो त्याला पहिल्या ऐकण्यात हे खटकेल. तिसऱ्यांदा ऐकल्यावर खटकत नाही.

मग डेल्रॉय विल्सन आणि केन बूथ. डेल्रॉयने लहान वयातच स्टुडिओ वन या स्टुडिओचा आणि लेबलचा मालक क्लेमंट 'कॉक्सन' डॉड याच्याकडे गायला सुरुवात केली. त्याचं १९७१चं 'बेटर मस्ट कम' मायकेल मॅनली यांच्या पक्षाने १९७२च्या निवडणूक प्रचारात वापरलं. केन बूथचा आवाज खरखरीत आणि कंप मोठा. 'एव्हरीथिंग आय ओन' १९७४मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत म्हणजे गाण्यात तो चक्क 'एनीथिंग आय ओन' म्हणतो, आणि लेबलवर मात्र मूळ शीर्षक छापलेलं आहे.

जॉन होल्ट म्हणजे गुळगुळीत, सरळ स्वर. 'द टाइड इज हाय' जगाला ब्लाँडी या अमेरिकन बँडमुळे माहीत झालं, पण ते होल्टचं आणि त्याच्या पॅरागॉन्स या गटाचं, १९६७च्या सुमाराचं. डेनिस ब्राऊन छातीतून भरून गातो. ग्रेगरी आयझॅक्स नेमका उलट: आवाज बारीक, किंचित नाकातला, आणि ठेक्याच्या केसभर मागे. त्याचं 'नाइट नर्स' (१९८२) सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण सत्तरीतली त्याची सिंगल्स त्याहून सरस आहेत. होरेस अँडीचा थरथरता उंच आवाज स्टुडिओ वनच्या 'स्कायलार्किंग'वर ऐकावा. स्लिम स्मिथ आणि पॅट केली हे खोट्या आवाजात (फॉल्सेटोत) गाणारे. त्यांच्यावर अमेरिकन सोल गायक कर्टिस मेफिल्डची छाप उघड दिसते.

बायकांचे आवाज यादीत नेहमी शेवटी येतात, आणि हा अन्याय आहे. ट्रेझर आइलवरची फिलिस डिलन आणि स्टुडिओ वनवरची मार्शिया ग्रिफिथ्स या दोघींची सिंगल्स पुरुष गायकांच्या बरोबरीने शोधा. बर्निंग स्पिअर आणि कल्चर या गटाचा जोसेफ हिल यांच्याकडे मात्र ठुमरीचा लडिवाळपणा शोधू नका. तिथे एकच ओळ मंत्रासारखी घोळवली जाते.

ठेका ऐकायचा कसा? सगळी गाणी सारखीच वाटतात.

चार मोजा. गिटार किंवा पियानोचा तुटक ठोका दोनवर आणि चारवर पडतो. बास ड्रम आणि स्नेअरची कड एकत्र पडतात ती तीनवर. एकवर ड्रमर काहीच वाजवत नाही. याला 'वन ड्रॉप' म्हणतात. तबल्याची सवय असलेल्या कानाला समेवरच पोकळी असणं चमत्कारिक वाटतं, पण एकदा ती पोकळी ऐकू आली की बास तिच्याभोवती कसा फिरतो ते कळतं, आणि मग दोन गाणी सारखी वाटत नाहीत. फोनच्या स्पीकरवर हे शिकता येणार नाही, कारण बास त्यातून येतच नाही.

एलपी घ्यावी की सिंगल?

सिंगल. या छंदात एकच सल्ला द्यायचा झाला तर हाच. जमैकात गाणं सात इंची तबकडीसाठी आणि साउंड सिस्टिमसाठी (मोठे स्पीकर लावून नाचाला तबकड्या वाजवणारे संच) रेकॉर्ड होत असे. एलपी बहुधा नंतर, सिंगल्स गोळा करून निघायची. त्या प्रवासात गाणं बदलायचं. स्टुडिओ वनने सत्तरीच्या दशकात आणि त्यानंतर पुन्हा काढलेल्या कित्येक एलपींत जुन्या टेपवर नवी तालवाद्यं चढवलेली आहेत. दोन ट्रॅकवर केलेली रेकॉर्डिंग तशीच 'स्टिरिओ' म्हणून छापली, त्यामुळे गायक एका कानात आणि वादक दुसऱ्या कानात, असाही प्रकार भेटतो. त्याच गाण्याचं मोनो सिंगल लावलं की सगळे एका खोलीत आल्यासारखे वाटतात.

ब्रिटनमध्ये तर गाणं मुद्दाम बदललं जायचं. बॉब अँडी आणि मार्शिया ग्रिफिथ्स यांच्या 'यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक'वर तिथे व्हायोलिनं चढवली गेली. मार्लीच्या 'कॅच अ फायर'वर (१९७३) लंडनमध्ये गिटार आणि कीबोर्ड वाढवले. मूळ जमैकन मिक्स २००१मध्ये बाहेर आले. बर्निंग स्पिअरचं 'मार्कस गार्वी' (१९७५) आयलंड या कंपनीने परदेशी बाजारासाठी पुन्हा मिक्स केलं. म्हणून 'हे गाणं माझ्याकडे आहे' एवढं पुरत नाही. कुठल्या छपाईतलं, ते सांगावं लागतं.

एकाच चालीवर इतकी गाणी का? ही चोरी नाही का?

वाद्यांचा पाया, म्हणजे बासची ओळ आणि ठेका, याला जमैकात 'रिडिम' म्हणतात आणि त्याला स्वतंत्र नाव असतं. 'रिअल रॉक' हा स्टुडिओ वनमधल्या साउंड डायमेन्शन या वादकसंचाचा रिडिम. त्यावर पुढे विली विल्यम्सने 'आर्मागिडिअन टाइम' गायलं. शुगर मायनॉटने १९७८च्या 'लिव्ह लव्हिंग'मध्ये डॉडच्या दहा-दहा वर्षं जुन्या रिडिमवर नवे शब्द गायले, आणि ती पुढच्या काळाची रीतच झाली. एक बंदिश अनेक गायकांनी गावी, त्यातला हा प्रकार आहे. हक्कांचे वाद मात्र खरे आहेत. बासची ओळ रचणाऱ्या वादकाला बहुतेक वेळा रोजंदारीपलीकडे काही मिळालं नाही.

संग्राहकाला याचा फायदा असा की रिडिम ओळखू आला तर न ऐकलेली सिंगल्ससुद्धा अंदाजाने घेता येतात.

दुसऱ्या बाजूला 'व्हर्जन' लिहिलंय. ते काय?

तेच गाणं, आवाज काढून. १९६८च्या सुमाराला रडी रेडवुड या साउंड सिस्टिमवाल्यासाठी ट्रेझर आइलवर पॅरागॉन्सच्या 'ऑन द बीच'ची तबकडी कापताना आवाजाचा ट्रॅक राहून गेला. त्याने ती तशीच लावली आणि लोकांनी शब्द स्वतः म्हटले. पुढे दोनेक वर्षांत जवळजवळ प्रत्येक सिंगलच्या मागे व्हर्जन येऊ लागलं. किंग टबीसारख्या तंत्रज्ञांनी त्यात प्रतिध्वनी आणि गाळण्या घालून डब घडवला. सत्तरीच्या शेवटी बारा इंची 'डिस्कोमिक्स' आले. त्यांत गाणं संपलं की न थांबता डब किंवा डीजेचं बोलगाणं सुरू होतं. बास सर्वात रुंद खाचेत इथेच मिळतो.

जमैकन प्रत की ब्रिटिश प्रत?

जमैकन प्रत पहिली, जोरदार कापलेली आणि बहुधा खराब. वापरलेलं व्हिनाइल पुन्हा दळून वापरत असल्याने नव्या कोऱ्या तबकडीलाही खरखर असते. कधी खाचेच्या बाजूला जुन्या लेबलचा कागदाचा कण अडकलेला दिसतो. ब्रिटिश प्रत शांत आणि गुळगुळीत, पण कधी कधी टेपच्या दुसऱ्या पिढीवरून, तर कधी थेट जमैकन तबकडीवरूनच उतरवलेली. तसं असेल तर गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत दुसऱ्याच तबकडीची खरखर ऐकू येते.

ब्रिटनमधली महत्त्वाची नावं: ब्लू बीट (१९६० पासून), आयलंड (तिथे १९६२ पासून, 'डब्ल्यूआय' क्रमांक) आणि ट्रोजन (१९६८ पासून). ट्रोजन उभी करणारा ली गोप्थल हा भारतीय वंशाचा जमैकन होता. १८४५ पासून भारतातून मजूर जमैकात नेले गेले. 'गांजा' हा शब्द रेगेच्या गाण्यांत सापडतो तो त्यांच्याकडूनच. आपल्याला त्याचा अर्थ शब्दकोशात बघावा लागत नाही.

मूळ छपाई ओळखायची कशी?

लेबल बघायच्या आधी तबकडी दिव्याखाली तिरपी धरा आणि शेवटच्या खाचेनंतरची कोरी पट्टी वाचा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. साठीतल्या जमैकन तबकड्यांवर तो बहुधा हाताने कोरलेला दिसतो, आणि आद्याक्षरांवरून कारखाना व निर्माता कळतो. 'एफसी' म्हणजे फेडरल या किंग्स्टनच्या कारखान्यात कॉक्सनसाठी केलेली तबकडी. 'डब्ल्यूआयआरएल' म्हणजे वेस्ट इंडीज रेकॉर्ड्स लिमिटेड.

लेबलवर विश्वास कमी ठेवा. गायकाचं नाव चुकीचं, गाण्याचं नाव चुकीचं, दोन बाजूंची लेबलं उलटी, किंवा शाई संपली म्हणून दुसऱ्याच कंपनीचं लेबल, हे सगळं सर्रास सापडतं. कोऱ्या लेबलवर रबरी शिक्का असलेली प्रत 'प्री', म्हणजे अधिकृत छपाईआधीची असू शकते. ती महाग असते, आणि म्हणूनच रबरी शिक्के आजही बनतात.

एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं: अॅबिसिनियन्सचं 'साता मसागना' १९६९मध्ये स्टुडिओ वनमध्ये रेकॉर्ड झालं. डॉडने ते बाजारात आणलंच नाही, म्हणून गटाने १९७१मध्ये क्लिंच या स्वतःच्या लेबलवर काढलं. म्हणजे स्टुडिओ एकाचा, पहिली छपाई दुसऱ्याची. स्टुडिओच्या नावावरून 'मूळ' ठरवणारे इथे हमखास फसतात.

नकली प्रत?

चार गोष्टी तपासा. लेबलची अक्षरं भिंगाखाली ठिपक्यांची दिसली, तर लेबल स्कॅन करून छापलंय. मॅट्रिक्स मूळ नोंदीशी जुळत नाही किंवा पूर्ण गायब आहे. १९६७ची म्हणून विकली जाणारी तबकडी संशयास्पद शांत आणि चकचकीत आहे. आणि आवाज: उंच स्वर बोथट, मागे दुसऱ्या सुईची खरखर. विक्रेत्याकडे कोऱ्या पट्टीचा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

'व्हीजी' ('व्हेरी गुड', म्हणजे वापरून ओरखडलेली पण वाजणारी) दर्जाची प्रत घ्यावी का?

जमैकन सिंगल असेल तर बिनधास्त. आमच्या मते 'व्हीजी प्लस'च हवी हा हट्ट धरणाऱ्याचा संग्रह ब्रिटिश पुनर्मुद्रणांचाच होतो. या तबकड्या साउंड सिस्टिमवर जड सुयांखाली वाजलेल्या आहेत. वरवरचे ओरखडे चालतात. चालत नाहीत ते हे: नखाला लागणारा ओरखडा, काठापासून आत गेलेली चीर, आणि जोराच्या स्वरावर आवाज फाटणं. शेवटचा दोष झिजलेल्या खाचेचा, तो धुऊन जात नाही. दिव्याखाली अशी खाच काळी न दिसता राखाडी दिसते.

भारतात कुठे मिळतील?

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, इंग्रजी गठ्ठ्यांत मार्ली, एडी ग्रँट, यूबी४० असं काही तरी हाती लागतं. जमैकन सात इंची जवळजवळ कधीच नाही. गोव्यात २०१६पासून झालेल्या गोवा सनस्प्लॅश महोत्सवामुळे हे संगीत वाजवणारे आणि ऐकणारे एकमेकांना सापडले, पण खरेदी शेवटी परदेशातूनच होते. लंडन किंवा न्यूयॉर्कला राहणारा भाचा किंवा पुतण्या असेल तर त्याच्या पत्त्यावर वर्षभर सिंगल्स जमवून एकदम आणणं सर्वात स्वस्त. शंभर सिंगल्स साधारण पाच किलो भरतात. हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगा.

टपालाने मागवताना विक्रेत्याला दोन गोष्टी लिहून कळवा: तबकडी पाकिटातून बाहेर काढून मागे ठेवा, आणि दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा द्या, दोन्ही पुठ्ठ्यांच्या रेषा आडव्या-उभ्या ठेवून. कस्टम ड्यूटी किंमत, टपालखर्च आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. कमी किंमत लिहायला सांगू नका. पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळते.

भोक मोठं आहे आणि गाणं डुलतंय.

जमैकन सात इंचीचं भोक सुमारे ३८ मिलिमीटरचं, म्हणून मधे अॅडॉप्टर लागतो. डुलण्याचं कारण वेगळं: भोक मध्यापासून सरकलेलं आहे. खाच मध्यापासून ७० मिलिमीटरवर असताना भोक १ मिलिमीटर सरकलं तर सूर सुमारे १.४ टक्के वर आणि तितकाच खाली जातो. सा ते कोमल रे हे अंतर साधारण ६ टक्क्यांचं, म्हणजे एकूण झोका त्याच्या जवळजवळ निम्मा. डेनिस ब्राऊनचा लांब स्वर अशा तबकडीवर दारू प्यायल्यासारखा येतो.

मोठ्या भोकाचा इथे उपयोग होतो. अॅडॉप्टर काढा. तबकडी नजरेने मध्यावर ठेवा, सुई टेकवा आणि मोटर बंद ठेवून प्लॅटर (खालची फिरती थाळी) हाताने हळू फिरवा. सुईचा दांडा आत-बाहेर झुलताना दिसेल. दांडा सर्वात बाहेर असेल तिथे थांबा, सुई उचला, आणि तबकडीची तीच बाजू मध्याकडे ढकला. झुलण्याचं एकूण अंतर जितकं, त्याच्या निम्मंच ढकलायचं. पूर्ण ढकललं तर दोष उलट्या बाजूला जातो. दोन-तीन फेऱ्यांत दांडा जवळजवळ स्थिर होतो. खाली रबरी मॅट असेल तर तबकडी घसरत नाही. ब्रिटिश प्रतीचं लहान भोक कानशीने मोठं करण्याचा सल्ला कुणी दिला तर दुर्मिळ प्रतीवर तो प्रयोग करू नका.

कोणती सुई?

साधी गोल टोकाची. जमैकन तबकडी झिजलेली असते. बारीक लंबगोल सुई झीज आणि घाण दोन्ही जास्त उकरते. ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५सी पुरेशी आहे, खाचेवर सुईचं वजन २ ग्रॅम ठेवा. वजन कमी ठेवून 'तबकडी वाचवतो' हा गैरसमज आहे: हलकी सुई जोराच्या बासवर खाचेत उड्या मारते आणि त्यानेच खाच कापली जाते. वजन डोळ्यांनी न ठरवता छोट्या डिजिटल काट्यावर मोजा.

अॅम्प्लिफायरला मोनो बटण असेल तर मोनो तबकडीला ते दाबा. मोनो खाचेत आवाज फक्त आडवा असतो. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) वर-खालची हालचालही वाचतं, आणि ती सगळी खरखरच असते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की ती मोठ्या प्रमाणात रद्द होते. फुकटची सफाई आहे ही.

पन्नाशीतल्या मेंटोच्या (स्काआधीच्या जमैकन लोकसंगीताच्या) ७८ आरपीएम तबकड्या हाती आल्या तर त्यांना ३ मिलची (इंचाच्या तीन हजारांशाची) वेगळी सुई लागते. नाट्यसंगीताच्या ७८ जमवणाऱ्यांकडे ती असतेच.

धुवायची कशी?

लागणारं सामान: अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर, बिनवासाचा बिनरंगी भांड्यांचा साबण दोन थेंब, दोन मायक्रोफायबर फडकी, मऊ ब्रश. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी चालतं (अॅसिड नव्हे, बाटली वाचून घ्या). नळाचं आणि बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार खाचेत वाळतो आणि नवी खरखर तयार होते.

आधी कोरड्या ब्रशने सुटी धूळ काढा, नाहीतर ओल्या फडक्याखाली तीच सँडपेपर होते. मग साबणपाणी खाचांच्या दिशेने गोल फिरवा. एक मिनिट थांबा. दुसऱ्या फडक्याने नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसा आणि उभी ठेवून वाळवा, किमान अर्धा तास. लेबलला थेंबही लागू देऊ नका. जमैकन लेबलची शाई विरघळते आणि रबरी शिक्का तर लगेच पसरतो. सात इंचीला लेबलभर बसणारी प्लास्टिकची झाकणी दाबून धरली की काम सोपं.

पावसाळ्यात पांढरे ठिपके येतात.

बुरशी. व्हिनाइल तिला आवडत नाही, पण पाकिटाचा कागद आणि बोटांचं तेल आवडतं. कागदी आतली पाकिटं फेकून द्या, पॉलिथिनची घाला. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर याने पुसा, मास्क लावून. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि आत सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. तबकड्या उभ्याच ठेवा. शंभर एलपी पंचवीस किलोंच्या आसपास जातात, फळी त्या हिशोबाने घ्या.

अल्कोहोल ७८च्या लाखेच्या तबकडीला आणि डबप्लेटला कधीही लावू नका, दोन्ही विरघळतात. डबप्लेट म्हणजे अॅल्युमिनियमवर लॅकरचा थर, एकेका साउंड सिस्टिमसाठी कापलेला. तिच्यावरचा पांढरट, मेणचट थर बहुधा बुरशी नसतो. लॅकरमधलं एरंडेल तेल विघटून तो वर येतो. अशी तबकडी एकदाच वाजवा, आणि त्याच वेळी रेकॉर्ड करून घ्या.

तबकडी वाकली आहे.

दोन सपाट काचांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन, तीन-चार आठवडे. ओव्हन आणि उन्हाचे उपाय नकोत. साठ अंशांच्या आसपास व्हिनाइल मऊ पडतं आणि खाचाही सपाट होतात. उन्हात लावलेल्या गाडीत हेच होतं.

मूळ परवडत नाही. कोणती पुनर्मुद्रणं घ्यावीत?

प्रेशर साउंड्स, ब्लड अँड फायर (बंद झालं, जुन्या प्रती मिळतात), टोकियोचं डब स्टोअर, आणि स्टुडिओ वनसाठी हार्टबीट व सोल जॅझ. न्यूयॉर्कच्या व्हीपी या लेबलचं मूळ किंग्स्टनच्या १७ नॉर्थ परेडवरच्या 'रँडीज' दुकानात आहे. पाकिटावर टेपचा उगम आणि मूळ वर्ष न छापणारी स्वस्त संकलनं टाळा.

डिजिटल प्रत करताना?

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, एफएलएसी. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत. मोनो असली तरी आधी दोन्ही चॅनल जसेच्या तसे साठवा, एकत्र नंतर करा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जपून वापरा, स्नेअरच्या कडेचा टिचका त्याला खरखरच वाटतो.

लेबल पूर्ण कोरं आहे. गाणं ओळखायचं कसं?

आधी मॅट्रिक्स डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे नसेल तर शब्दांआधी बास ऐका, रिडिमचं नाव मिळालं की शोध काही डझन गाण्यांवर येतो. मग ध्रुवपदाची ओळ ऐकू येते तशी लिहून काढा; पाट्वा (जमैकन बोली) उच्चार जसाच्या तसा ठेवा, शुद्ध इंग्रजी करू नका, कारण शीर्षकंही तशीच छापलेली असतात. आवाज ओळखीचा वाटला तरी नाव पेन्सिलीनेच लिहा, आणि तेही पाकिटावर.